मोकळ्या जागेतली भिंत

या सदरात येणारे अनुभव मी दर वेळी वाचते आणि दर वेळी नाक मुरडते, हे आधीच सांगून टाकते. तीच ती पांढरी साडी, तोच पिंपळ, तीच घाटात लिफ्ट मागणारी बाई... उभी हयात मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं. कुणी भुताखेताचं नाव काढलं की त्याला फळ्यापाशी उभं करायचे आणि म्हणायचे, "मांड बघू. सिद्ध करून दाखव." माझे यजमान म्हणतात, खरंखुरं भूत समोर आलं तरी ही आधी त्याची तोंडी परीक्षा घेईल. तेव्हा पुढचं वाचून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना उकळ्या फुटणार, हे मला ठाऊक आहे. फुटू द्यात. जे झालं ते भर सकाळी, चारचौघांसमोर झालं, आणि त्यातली बरीचशी मोजमापं मी स्वतःच्या हाताने घेतलेली आहेत.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. माझं माहेर जळगाव, सासर सोनगीर. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालात की टेकडीवर जुना किल्ला दिसतो, त्याच्या पायथ्याचं हे गाव. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरीला होते, रोज एसटीने अप-डाऊन करायचे. आमचं घर तांबट आळीच्या तोंडाशी. ओट्यासमोर चांगला ऐसपैस चौक, आणि चौकाच्या पलीकडून निघालेला रस्ता थेट हायवेवरच्या एसटी स्टँडला जातो. घर, चौक, स्टँड — एवढा नकाशा डोक्यात ठेवला की पुढचं सगळं समजेल.

त्या चौकाची एक गंमत होती. मध्यभाग साफ रिकामा. ना झाड, ना खांब, ना गुरं बांधायचा खुंटा. पण त्या मधल्या भागातून कुणी म्हणून जायचं नाही. बैलगाडी असो, पोळ्याचे सजवलेले बैल असोत, नाहीतर लग्नाची वरात असो — सगळे कडेकडेने वळसा घालून जायचे. पोरंसुद्धा तिथे गोट्या खेळायची नाहीत. मी नवी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, असं का?

"मधून कोनी जात नही."

"पण का?"

"कोनीच जात नही म्हनीसन!"

बरं, एवढ्यावर भागत नव्हतं. आमच्या आळीतली बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की तिने त्या रिकाम्या जागेच्या काठाशी हळदकुंकू वाहायचं आणि तांब्याभर पाणी ओतायचं. माझ्या मुलीच्या वेळी मीही ते केलं... अर्थात कुरकुर करत. धुळीला कसलं आलंय हळदकुंकू! पण सासूबाईंशी वाद घालण्याइतकी ताकद बाळंतपणात कुठून आणायची.

आता मुख्य माणसाकडे येते. प्रमिला — माझी धाकटी नणंद. घरात सगळे पमा म्हणायचे. लहानपणी तापात तिची दृष्टी गेली, ती कायमची. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला अंधशाळेत घातलं, मुंबईला पाठवून टेलिफोन ऑपरेटरचा कोर्सही करू दिला. त्या काळात आणि त्या गावात हे लहान काम नव्हतं. पण कोर्स करून ती परत आली आणि घरातच बसली. बोटं इतकी तरबेज की आळीतल्या बायका डाळ-तांदूळ घेऊन यायच्या, "पमाक्का, तेवढे खडे काढी दे ना." ती काढून द्यायची, हसून. एकदा त्या गेल्यावर तिने सूप असं आपटलं की अर्धी तूरडाळ ओट्यावर सांडली.

"वहिनी, मला जन्मभर लोकांच्या डाळीतले खडे काढायचे नाहीत."

हे तिने मला सांगितलं, आबांना नाही. आबांसमोर ती कधी आवाज चढवायची नाही.

आणि मग खरोखरच नोकरी चालून आली. धुळ्यात एका मारवाडी शेठजींची जिनिंग फॅक्टरी होती. कापसाच्या दिवसांत त्यांच्या ऑफिसात फोन नुसते खणखणायचे — ट्रंक कॉल, बाजारभावाची विचारपूस, गाड्या कुठे अडकल्या त्याच्या चौकश्या. शेठजींनी टेलिफोनचा नवा बोर्ड बसवला होता आणि त्यांना ऑपरेटर हवी होती. पमाचा आवाज ऐकून ते खूश झाले. अट एकच. रोज स्वतःच्या पायांनी यायचं, स्वतःच्या पायांनी जायचं. "पोचवायला-न्यायला माणूस ठेवावा लागला तर मग माझ्याच्याने जमणार नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. दुष्टपणा नव्हता त्यात, व्यवहार होता.

आबा मात्र बिथरले. "पमा एकली जाई? काबरं? घरमा काय कमी शे तिले?"

त्यांची भीतीही खोटी नव्हती. पमा काठीने उत्तम चालायची, पण काठी जमीन चाचपते. छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर आडवं आलेलं तिला कळत नाही. बैलगाडी सोडून ठेवली की तिचा दांडा वर उचललेला राहतो ना? एकदा काठी त्याच्या खालून सरळ निघून गेली आणि पमाचं कपाळ दांड्यावर आदळलं. त्याची खूण तिच्या भुवईवर होती. तेव्हापासून घराबाहेर आबांनी तिचा हात सोडला नव्हता... अक्षरशः सोडला नव्हता. पंचविशीतल्या पोरीला बाप बोट धरून देवळात नेतोय, हे दिसलं की मी मान दुसरीकडे फिरवायचे.

"काठी खालनं देखस पमा," ते म्हणायचे. "वरनं कोन देखी?"

प्रश्न फिजिक्सचा होता. आणि फिजिक्सचा प्रश्न कुणी माझ्या घरात येऊन विचारला तर मी तो सोडवल्याशिवाय कशी राहणार?

जळगावला माझा भाऊ विजू, त्याचं टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. दोघांनी मिळून सुट्टीभर खटपट केली. तत्त्व वटवाघळाचं. माणसाला ऐकू येत नाही असा बारीक आवाज पुढे सोडायचा, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की मोटर फिरवायची. आवाज सोडणारी आणि पकडणारी अशा दोन टिकल्या विजूने एका मोडक्या परदेशी टीव्हीच्या रिमोटवरून आणि आणखी कुठून कुठून पैदा केल्या. मोटर टेपरेकॉर्डरची. तिच्या दांडीला एका बाजूला शिशाचा गोळा डाख देऊन चिकटवला, म्हणजे ती फिरताना थरथरते. हे सगळं साबणाच्या डबीत बसवलं, डबी कॅनव्हासच्या पट्ट्यावर शिवली, आणि पट्टा छातीवर आडवा बांधायचा. समोर तीन हातांवर काही आलं की डबी छातीशी गुरगुरायची. खांब, गाय, माणूस, गाडीचा दांडा — काहीही. जमिनीतला खड्डा मात्र तिला कळणं शक्यच नाही, कारण तिचे डोळे समोर बघतात, खाली नाही. पमाला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — भिंतीसाठी पट्टा, खड्ड्यासाठी काठी. हे वाक्य वाचकांनीही लक्षात ठेवावं.

गावाने त्याला नाव दिलं, "पमाचं इंजन". ती बाहेर पडली की आळीतले तांबट हातातला हातोडा थांबवून बघायचे. मग पमाच ओरडायची, "थांबू नका हो! तुमच्या ठोक्यांवर तर मला कळतं मी कुठे आहे!" की पुन्हा ठणठणाट सुरू. एकदा तर रस्त्यात सोडलेल्या गाडीच्या दांड्यापुढे तीन हातांवर ती थांबली, हात लांबवून दांडा चाचपला आणि त्याला वाकून नमस्कार केला. मी हसून हसून ओट्यावर बसले. आबा हसले नाहीत, पण त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

आता रस्ता ठरवायचा होता. चौकाच्या कडेने जायचं तर तिथे रोजची गर्दी — घडवायला आलेले पत्रे, हंड्यांच्या उतरंडी, गाड्या, गुरं. पट्टा सारखा गुरगुरत राहणार. मी म्हटलं, मधून सरळ जायचं. ओट्याच्या पायरीवरून नाकासमोर चालत सुटलं की चौकापलीकडची पानटपरी आणि तिथून स्टँड. मोकळी, सपाट, सरळ रेषा. मी मुलांना भूमिती शिकवत नसले तरी सरळ रेषेचा फायदा मला कळतो. सासूबाईंनी "मधून नको" म्हटलं, मी ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी पमा पायरी उतरली, मोकळ्या जागेत थोडं पुढे गेली, आणि थांबली.

"काय झालं?"

"भिंत आहे."

"कुठे?"

"समोर. पट्टा सांगतोय."

मी तिच्या पुढ्यात गेले. रिकामी जागा. मी डबीवर हात ठेवला — मोटर जोरात फिरत होती, माझ्या तळव्याला गुदगुल्या होत होत्या. मी तिच्या समोरून बाजूला झाले, तरी फिरत होती. समोर होतं काय? हवा, आणि लांबवर पानटपरी.

"पमा, काही नाही तिथे."

"वहिनी, भिंत आहे."

मला राग आला. तिचा नाही, विजूचा. डबी घेऊन जळगाव गाठलं, त्याला चार शब्द सुनावले, त्याने टिकल्या बदलल्या, सगळे जोड पुन्हा डाखले. परत येऊन बघते तर तेच. इतर सगळीकडे पट्टा शहाण्यासारखा वागायचा. आळीत, स्टँडवर, धुळ्याच्या बाजारात. फक्त आमच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत त्याला भिंत लागायची.

मग मी हट्टाला पेटले. म्हटलं, तापलेल्या जमिनीवरच्या गरम हवेमुळे होत असेल. गार सकाळी नेलं. तेच. म्हटलं, तांबटांच्या ठोक्यांचा आवाज टिकलीत शिरत असेल. अमावास्येला तांबट काम बंद ठेवतात, सगळी आळी चिडीचूप असते. त्या दिवशी नेलं. तेच. मी पट्टा स्वतःच्या छातीवर बांधून गेले तेव्हा मात्र ढिम्म. मध्यभागी जाऊन चांगली उभी राहिले, पाय आपटले, ओट्यावरच्या सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. माझी उंची जास्त म्हणून पट्टा पोटावर सरकवला. तरी काही नाही. परत पमाला बांधला — गुर्रर्र.

शेवटी मी म्हटलं, निदान चूक कुठे कुठे होते ते तरी नीट बघू. पमाला चौकाच्या वेगवेगळ्या बाजूंनी मधल्या भागाकडे चालवत न्यायचं, पट्टा जिथे वाजेल तिथे विटेचा तुकडा ठेवायचा. सकाळभर आम्ही दोघी तेच करत होतो. शेवटचा तुकडा ठेवून मी ओट्यावर चढले, पाणी प्यायले आणि वळून बघितलं.

विटेच्या तुकड्यांचा गोल झाला होता. चांगला वाटोळा.

भर उन्हात माझ्या हातांवर काटा आला, हे मी कबूल करते. कारण मला त्याचा अर्थ चटकन कळला. चौकाच्या मधोमध एक गोल भिंत असती, तर तिच्यापासून तीन हातांवर पट्टा नेमका असाच वाजला असता. सगळं गणितात बसत होतं. फक्त भिंत नव्हती.

पमाला मी सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी तर पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय." मी तुकडे उचलले नाहीत. मधे कुणी जातच नसल्यामुळे ते तिथेच पडून राहिले.

पावसाळा सरत आला, कापसाचा हंगाम तोंडावर आला, आणि शेठजींचा निरोप आला. त्यांचे मुनीमजी अमुक दिवशी जीपने शिरपूरकडून परतताना सोनगीरला थांबतील. पोरगी घरापासून ऑफिसापर्यंत एकटी येते का ते बघतील. आली तर जागा तिची, नाहीतर दुसरी ऑपरेटर तयारच होती.

त्या सकाळी पमाने अबोली रंगाची साडी नेसली, वर पट्टा बांधला. आदल्या दिवसापर्यंत आठ-पंधरा दिवस सततचा पाऊस झाला होता, जमीन पाणी पिऊन फुगली होती. मुनीमजी आले. धोतर, काळी टोपी, साठीचे गृहस्थ. जीप आळीच्या बाजूने येऊन ओट्यासमोर लागली. ठरलं असं की पमा पुढे चालेल आणि जीप तिच्या मागोमाग सरळ सावकाश येईल. मुनीमजींचे गुडघे दुखत होते म्हणून ही सोय.

मी पमाच्या कानात म्हटलं, "हे बघ, ती जागा आली की पट्टा वाजणार. लक्ष देऊ नकोस. मी स्वतः तिथे नाचून आलेय, काही नाही. तू सरळ चालत राहा. मधेच थांबलीस तर हे समजतील की यंत्र बिनकामाचं आहे."

ती पायरी उतरली. निघाली. विटेच्या तुकड्यांशी आली... आणि थांबली. ओट्यावरून मला डबीचा आवाज ऐकू आला. एवढा मोठा तो कधीच नव्हता.

मुनीमजींनी जीपमधून डोकं बाहेर काढलं. "बाई, मशीन बिघडलं काय? मोकळ्या मैदानात थांबली पोरगी."

"पमा, चल पुढे!" मी ओरडले.

"नाही."

"अगं, काही नाही तिथे!"

तिने तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला सगळ्या आळीसमोर, आबांसमोर, आवाज चढवून बोलताना ऐकलं. "वहिनी, पट्टा तुम्ही मला दिलात ना? मग त्याचं मला ऐकू द्या! भिंत आहे म्हणजे आहे!"

आणि ती वळली. उजव्या हाताला, कडेच्या रस्त्याला, जिथून सगळं गाव जातं. पत्रे, हंडे, गुरं, गाड्या, सगळ्या गर्दीतून. काठी खाली, पट्टा वर. जो रस्ता मी तिला कधी शिकवलाच नव्हता, त्यावरून ती तांबटांच्या ठोक्यांच्या अंदाजाने एकेक वळण घेत निघाली. एका गाईला तिने चक्क "हो बाजूला" म्हटलं. मुनीमजी बघतच राहिले. मग गुडघे विसरून खाली उतरले आणि तिच्या मागे पायी निघाले.

जीप रिकामी झाली. ड्रायव्हर धुळ्याचा, त्याला आमच्या चौकाची सवय काय माहीत. पलीकडे जाऊन थांबावं म्हणून त्याने गाडी सरळ मधून घातली.

"आरे, मधून नको रे!" आबा ओरडले. पण का नको, ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

विटेच्या तुकड्यांच्या आत जीपची पुढची चाकं गेली आणि जमीन बसली. आधी कडाड असा लाकूड मोडल्याचा आवाज, मग मातीचा लोट. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून वाचला. जीप नाक खाली घालून, मागची चाकं वर करून अडकून राहिली. आणि मग खालून, खूप खोलवरून, दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला.

सगळ्या आळीतले हातोडे थांबले, पलीकडचं बोलणंही ओट्यापर्यंत ऐकू यायला लागलं. चौकापलीकडे पमाही थांबली होती. मुनीमजी मागे वळून त्या खड्ड्याकडे, जीपमधल्या आपल्या रिकाम्या सीटकडे बघत होते.

ती विहीर होती. जुनी, दगडी, चांगली रुंद. कुणीतरी कधीतरी वरचा कठडा उतरवून, सागाचे वासे टाकून, मुरूम-मातीने ती झाकून टाकली होती. कुणी, कधी, कशासाठी, हे गावातल्या अगदी म्हाताऱ्या माणसांनाही सांगता आलं नाही. विहीर गावाच्या आठवणीतून गेली होती. फक्त वळसा राहिला होता, आणि बाळंतिणीचं हळदकुंकू.

आबा धावत चौकाच्या पलीकडे गेले. कडेने, वळसा घालून. पमाचा हात धरायला त्यांनी हात पुढे केला, आणि तसाच हवेत राहिला.

"पमा... तुले खरंच भीत लागनी का तठे?"

"हां आबा. भिंतच होती."

आबांनी तो हात खाली घेतला. मग म्हणाले, "जाय मग. गाडी चुकी जाई."

तुम्हाला सांगते, मला त्या विहिरीपेक्षा हे वाक्य मोठं वाटलं. इतक्या वर्षांत आबांनी तिचा हात पहिल्यांदा आपणहून सोडला होता. मी ओट्यावर उभी राहून भोकाड पसरलं आणि त्याची मला बिलकूल लाज वाटली नाही.

जीप तर विहिरीत, त्यामुळे मुनीमजींनाही पमाच्याच एसटीने जावं लागलं. मी मागच्या गाडीने कॉलेजात पोचले. दोन तास झाले तरी काही कळेना. वर्गात काय शिकवलं ते विद्यार्थ्यांना माहीत. मग शिपाई सांगत आला, प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये फोन आहे. मी धावतच गेले.

"नमस्कार. जिनिंग फॅक्टरीतून ऑपरेटर बोलतेय." तो आवाज, कोर्समध्ये घोटून घेतलेला, साखरेत घोळलेला. "मॅडम, आमचे मुनीमजी धुळे स्टँडच्या गर्दीत मागे राहिलेत. अजून पोचले नाहीत. आपल्याला कुठे दिसले तर रस्ता दाखवाल का?"

मी एवढ्या मोठ्याने हसले की प्रिन्सिपॉलसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पमाने पुढे कितीतरी वर्षं तो बोर्ड सांभाळला. भाव विचारणारे व्यापारी आधी तिची खुशाली विचारायचे, मग कापसाची. मुनीमजी तर नव्या माणसाला तिची ओळख करून देताना दरवेळी म्हणायचे, "हिच्यामुळे मी जिवंत आहे, हिच्याशी नीट बोलायचं." आणि आमच्या घरची डाळ त्यानंतर मी निवडायला लागले. खडे राहायचे, सगळे गुपचूप खायचे.

आता उरलं ते स्पष्टीकरण, आणि तिथे माझा खडू थांबतो. नातेवाईकांत एक मत असं की जमीन पोकळ होती, पमाच्या पायांना ते जाणवलं असणार. असेलही. पण थरथरत होती ती डबीतली मोटर, पमाचे पाय नव्हेत. डबीवर माझा हात होता. मोटर फिरायला आवाज कशावर तरी आपटून परत यावा लागतो, आणि तिथे आपटायला काही नव्हतं. खाली बघायचे डोळे त्या यंत्राला नव्हते, हे ते बनवणारी मी सांगतेय. विजूने ते पुन्हा उघडून बघितलं, मी पाहिलं, माझ्या विभागातल्या सरांनी पाहिलं. यंत्रात दोष नव्हता.

ग्रामपंचायतीने विहीर उपसली, तेव्हा मातीखाली जुन्या कठड्याचा पाया सापडला. वाटोळा, दगडी. विटेचे बाहेर राहिलेले तुकडे अजून तिथेच होते. मी टेप घेऊन मोजलं. प्रत्येक तुकडा त्या पायापासून तीन हातांवर... थोडं इकडे-तिकडे. मी टेप गुंडाळली आणि घरात आले.

त्याच पायावर नवा कठडा बांधला. छातीएवढा, तांबटांनी वर पितळेची कडी बसवून दिली. चुना वाळला त्या रविवारी पमा म्हणाली, "वहिनी, चला, दाखवते." तिने पट्टा बांधला, ओट्याची पायरी उतरली आणि मी आखून दिलेल्या त्याच सरळ रेषेत चालत निघाली. नेमक्या त्याच जागी डबी गुरगुरली. ती थांबली, मग तीन हात पुढे गेली आणि कठड्यावर सपकन तळहात मारला.

"वहिनी," ती म्हणाली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हसली, "आता तुम्हालाही दिसतेय ना भिंत?"